फोन आधी उचलला, आयडी नंतर आला

वाचक विचारतात

या महिन्यात आलेल्या मेलांपैकी चार एकाच दुखण्याचे, म्हणजे फोन लावायच्या विनंतीचं उत्तर आणि कॉलच्या बातम्या यांत आधी कोण पोचेल या शर्यतीचे (रेस कंडिशनचे) निघाले, म्हणून बाकीचे पुढच्या अंकाला ढकललेत आणि हे चारच घेतलेत. पहिल्याने बरीच जागा खाल्लीय, पण तो नीट कळला की पुढचं सोपं जातं.

प्रश्न: ताई नमस्कार. मी नाशिकला एका छोट्या कंपनीत आहे, आम्ही कॉल सेंटरवाल्यांना क्लिक-टू-कॉल बनवून देतो. खाली ॲस्टरिस्क (फोन एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर), वर नोडमधे (जावास्क्रिप्टमधे) लिहिलेलं आमचं ॲप, मधे एआरआय, म्हणजे ॲपने ॲस्टरिस्कशी बोलायची एपीआय. एजंटने बटण दाबलं की आधी एजंटचा सॉफ्टफोन (कॉम्प्युटरवरचा फोन) लागतो, मग ग्राहकाला फोन लावायचा आणि दोघांना एका ब्रिजमधे टाकायचं. ऑफिसात आमच्याच मोबाइलवर महिनाभर टेस्ट केलं, एकदाही चुकलं नाही. क्लायंटकडे बसवलं आणि पहिल्याच दिवसापासून अधूनमधून एखादा कॉल असा अडकतो की एजंटच्या कानात नुसती शांतता आणि ग्राहकाला फोनच जात नाही. लॉगचा तुकडा देतोय (ओरिजिनेट म्हणजे फोन लावायची विनंती, चॅनल म्हणजे कॉलची एक बाजू, स्टॅसिसस्टार्ट म्हणजे तो चॅनल आमच्या ॲपमधे आल्याचा इव्हेंट):

१४:०२:११.४०२ ओरिजिनेट पाठवलं
१४:०२:११.४३१ स्टॅसिसस्टार्ट, चॅनल १७१८००८३३१.८८, अनोळखी, सोडून दिला
१४:०२:११.४३८ ओरिजिनेटचं उत्तर २००, चॅनल १७१८००८३३१.८८

सध्या स्टॅसिसस्टार्टच्या हँडलरमधे २०० मिलिसेकंदांचा सेटटाइमआउट, म्हणजे मुद्दाम थांबा, टाकलाय आणि बरं चाललंय. हेच ठेवू का?

उत्तर: नका ठेवू. म्हणजे आजच्या आज काढा असं नाही म्हणत, खरा उपाय बसेपर्यंत राहू दे, पण त्याच्या भरवशावर झोपू नका.

तुमचा लॉगच सगळं बोलतोय. .४३१ ला इव्हेंट आला, .४३८ ला उत्तर, सात मिलिसेकंदांचा खेळ आहे. तुमच्या डोक्यात क्रम असा बसलाय की मी ओरिजिनेट मागितलं, ॲस्टरिस्कने चॅनल बनवला, त्याचा आयडी मला उत्तरात दिला, तो मी मॅपमधे (माझ्या चालू कॉलच्या यादीत) टाकला आणि त्यानंतर केव्हातरी इव्हेंट येईल. हा क्रम ॲस्टरिस्कने कबूल केलेलाच नाहीये. उत्तर येतं एचटीटीपीने, इव्हेंट येतो वेबसॉकेटने, दोन्ही ८०८८ पोर्टवरच असतात म्हणून फसायला होतं, पण ती दोन वेगळी टीसीपी कनेक्शनं आहेत आणि टीसीपी क्रमाची हमी देतो ती एका कनेक्शनपुरती, दोघांत आधी कोण पोचेल याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. ॲस्टरिस्कच्या पोटातसुद्धा उत्तर लिहिणारा थ्रेड वेगळा आणि इव्हेंट पाठवणारे वेगळे. नोड एकाच थ्रेडवर चालतो, आमच्याकडे रेस होऊच शकत नाही असं मला कितीतरी जण छातीठोकपणे सांगतात, अहो पण दोन सॉकेटांपैकी ज्यात माल आधी येईल ते आधी वाचलं जाणार, त्यात एक थ्रेड असला काय नि दहा असले काय.

मग महिनाभर का नाही चुकलं? कारण तुम्ही मोबाइलवर टेस्ट केलंत. ओरिजिनेट केल्यावर स्टॅसिसस्टार्ट येतो तो समोरच्याने उचलल्यावर, चॅनल तुमच्या ॲपमधे शिरतो तेव्हा. मोबाइल वाजणार, तुम्ही खिशातून काढणार, हिरवं बटण सरकवणार, यात पाच-सहा सेकंद सहज जातात आणि तोवर एचटीटीपीचं उत्तर येऊन जुनंही झालेलं असतं. क्लायंटकडे एजंटचे सॉफ्टफोन ऑटो-आन्सरवर असणार, बरोबर ना? त्याच लॅनवर, आला कॉल की उचलला, माणसाचा हातच लागत नाही. म्हणजे दोष पहिल्या दिवसापासून होताच, फक्त तुमच्या मोबाइलच्या रिंगने तो झाकून ठेवला होता.

आता तुमचे २०० मिलिसेकंद. हा आकडा कुठून आणलात? "बसला" म्हणून ठेवलात. सोमवारी सकाळी दहाला सगळे एजंट एकदम बटणं दाबायला लागले, सर्व्हर हाफायला लागला आणि उत्तर ३०० मिलिसेकंदांनी आलं की पुन्हा तेच. पण त्याहून वाईट म्हणजे या सेटटाइमआउटने तुम्ही एक नवी शर्यत घरात आणलीय. एजंटने उचललं आणि लगेच ठेवलं तर शेवटाचा इव्हेंट लगेच हाताळला जातो आणि स्टॅसिसस्टार्ट मात्र अजून २०० मिलिसेकंद बाकावर बसलेला, तो नंतर उठतो आणि मेलेल्या कॉलसाठी ग्राहकाला फोन लावतो. ग्राहक हॅलो हॅलो करत बसणार. हा प्रकार तुमच्या लॉगमधे शोधा, सापडेल.

उपाय सांगण्याआधी गिरणीतला डबा आठवा. दळण टाकायला जाताना आपण डब्यावर नाव घालूनच नेतो, ऑइलपेंटने, झाकणावर आणि अंगावरही. समजा तसं नाही केलं, बिननावाचा डबा ठेवला आणि गिरणीवाला म्हणाला नंबर नंतर मेसेज करतो, आणि मेसेज यायच्या आत त्याच्या पोऱ्याने दुकानातून ओरडून सांगितलं "८८ नंबरचं झालं", तर तुम्ही ढिम्म उभे राहणार, कारण ८८ म्हणजे आपण हे अजून तुम्हाला ठाऊकच नाही. तुमच्या ॲपचं नेमकं हेच झालंय.

म्हणून नाव आपण घालायचं. एआरआय ॲस्टरिस्क १२ पासून आहे, म्हणजे २०१३ च्या अखेरपासून, आणि त्यात ओरिजिनेट करताना चॅनलआयडी म्हणून आपला आयडी देता येतो. नाही दिला तरच ॲस्टरिस्क स्वतःचा बनवतो, ते तुमचं १७१८००८३३१.८८, पुढचा भाग १९७० पासूनचे सेकंद आणि ठिपक्यानंतर चढता आकडा. तर करायचं असं, आधी एक यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी जुळणार नाही असा आयडी) बनवा, तो कॉलच्या माहितीसकट मॅपमधे टाका, आणि मग, म्हणजे खरोखर मगच, तोच आयडी देऊन ओरिजिनेट करा. आता इव्हेंट आधी येवो की उत्तर आधी येवो, आल्या आल्या त्याला घर सापडतं. उत्तराचं काम उरतं ते एवढंच की विनंती मान्य झाली का नाही. नोडची जी ॲस्टरिस्कवाली एआरआय लायब्ररी आहे तिच्यातही याची सोय आहे, क्लायंट.चॅनल() म्हणून आधी रिकामा चॅनल बनवायचा, त्याला आयडी तिथेच मिळतो, त्यावर इव्हेंटचे हँडलर लावायचे आणि त्यानंतर त्याच्यावर ओरिजिनेट मारायचं. बरेच लोक हे उदाहरण वाचतात आणि त्याचा क्रम तसा का आहे हे न बघता पुढे जातात.

"पण मी ॲपआर्ग्समधे (ओरिजिनेटबरोबर ॲपसाठी द्यायच्या माहितीत) माझा कॉल नंबर पाठवतो, तो स्टॅसिसस्टार्टमधे परत येतो, त्यावरून ओळखीन की" असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेलच. स्टॅसिसस्टार्टपुरतं चालेल. पण ग्राहकाचा फोन एंगेज असेल तर? मग चॅनल ॲपमधे शिरतच नाही, स्टॅसिसस्टार्ट येतच नाही, तुम्हाला येतो थेट चॅनलडिस्ट्रॉइड (चॅनल संपल्याचा इव्हेंट), कारण १७ म्हणजे एंगेज घेऊन, आणि त्यात ते आर्ग्स नसतात. एंगेज, चुकीचा नंबर, ट्रंक (बाहेर जाणारी लाइन) बंद, हे सगळे असेच पटकन मरणारे कॉल, आणि पटकन मरणाऱ्यांतच शर्यत जास्त लागते. आयडी मात्र प्रत्येक इव्हेंटवर असतो.

जे चॅनलचं तेच प्लेबॅकचं, म्हणजे आवाज वाजवण्याचं. चॅनलवर "बीप" वाजवलात तर तो इतका छोटा असतो, आणि फाइलचं नाव चुकलेलं असेल तर वाजणंच नसतं, की प्लेबॅकफिनिश्ड उत्तराच्या आधी येऊन पोचू शकतो आणि मग तुमचा कोड न येणाऱ्या इव्हेंटची वाट बघत जन्मभर बसतो. तिथेही प्लेबॅकआयडी आपला देता येतो, ब्रिजलाही देता येतो, रेकॉर्डिंगचं तर नाव आपणच देतो. सगळीकडे द्या, सवयच लावून घ्या.

लोकल चॅनल (ॲस्टरिस्कच्या आतल्या आत लागणारा) वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, त्याला दोन टोकं असतात, आपण दिलेला आयडी पहिल्या टोकाला लागतो आणि दुसऱ्याला अदरचॅनलआयडीने वेगळा देता येतो, नाही दिला तर आपल्याच आयडीला ;२ जोडून मिळतो. मॅपमधे दोन्ही घाला नाहीतर अर्धे इव्हेंट परत "अनोळखी".

आणि कुणी सांगितलं की ओरिजिनेट सोडा, आधी क्रिएट करून नंतर वेगळं डायल करा म्हणजे रेस मिटते, तर अर्धंच खरं आहे. डायल आपल्या हातात येतं हे मान्य, त्याचा दुसरा फायदाही आहे. पण क्रिएट केल्या केल्या चॅनल ॲपमधे शिरतो, उचलायची वाट बघत नाही, म्हणजे स्टॅसिसस्टार्ट उलट आणखी लवकर येतो. आयडी तिथेही आपलाच द्यायचा.

आता एक माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. एका ठिकाणी अपॉइंटमेंटची आठवण करून देणारे कॉल लावायचं काम होतं. मी ओरिजिनेटला टाइमआउट लावला आणि टाइमआउट झाला की परत प्रयत्न. आयडी माझाच होता, फार हुशारी केली होती, पण तो यूयूआयडी बनवायची ओळ परत-प्रयत्नाच्या लूपच्या आत होती. दुपारी सर्व्हर मंदावला, उत्तरं उशिरा यायला लागली, कॉल मात्र लागत होते, आणि एका आजोबांना एकाच रक्ततपासणीसाठी लागोपाठ तीन फोन गेले. तिसऱ्याला त्यांनी रेकॉर्डेड बाईला जे सुनावलंय ते मी रेकॉर्डिंगमधे ऐकलं, बाईने काही मनावर घेतलं नाही, मी घेतलं. आयडी लूपच्या बाहेर बनवा. तोच आयडी घेऊन परत मागितलं आणि पहिला कॉल अजून जिवंत असेल तर ॲस्टरिस्क ४०९ देतो, की या आयडीचा चॅनल आहे माझ्याकडे, आणि दुसरा फोन जात नाही. पण पहिला कॉल संपून गेला असेल तर तो आयडी ॲस्टरिस्कच्या लेखी मोकळा झालेला असतो आणि परत मागितलं की परत फोन जाईल, तेव्हा परत मागण्याआधी आपल्या मॅपमधे बघा की या कॉलच्या शेवटाचा इव्हेंट येऊन गेलाय का. टाइमआउट झाला म्हणून मॅपमधली नोंद पुसू नका, टाइमआउट म्हणजे "नाही" असं उत्तर नव्हे.

तसंच चॅनल बंद करायला डिलीट पाठवलंत आणि ४०४ आला तर लाल अक्षरात एरर कशाला, समोरच्याने आपल्या आधी ठेवला एवढाच अर्थ, आपल्याला हवं होतं तेच झालंय. ब्रिजमधे टाकताना चॅनल गायब असला तर मात्र दुसऱ्या बाजूच्या माणसाचं काय करायचं ते आधी ठरवून ठेवा, त्याला शांततेत ठेवू नका.

टेस्टचं सांगते आणि थांबते. लिनक्सवर नेटवर्क मंद करायची जी कमांड आहे, नेटएम, ती ८०८८ पोर्टवर लावलीत तर उत्तर आणि इव्हेंट दोन्ही सारखेच उशिरा येतील आणि तुम्हाला काही दिसणार नाही. त्यापेक्षा तुमच्या एचटीटीपी क्लायंटभोवती चार ओळींचं वेष्टण घाला जे उत्तर मुद्दाम दोन सेकंद धरून ठेवेल, आणि कॉल लावा लोकल चॅनलने अशा एक्स्टेंशनला जिथे पहिलीच ओळ आन्सर आहे. जुना कोड असेल तर प्रत्येक कॉल अडकेल. नवा असेल तर एकही नाही. हे टेस्ट रोजच्या बिल्डमधे ठेवा. आणि हो, वेबसॉकेट जोडला गेल्याशिवाय पहिला ओरिजिनेट पाठवू नका, तो नसेल तर ॲस्टरिस्कच्या लेखी तुमचं ॲपच नाही. मधेच तुटून परत जोडला गेला तर तेवढ्या वेळातले इव्हेंट गेले ते गेले, तेव्हा जोडल्या जोडल्या चालू चॅनलची यादी मागवून आपल्या मॅपशी ताडून बघा.

प्रश्न: आम्ही स्वतःचं ॲस्टरिस्क चालवत नाही, क्लाउड टेलिफोनीवाल्यांची एपीआय वापरतो, जँगोमधे (पायथनचं वेब फ्रेमवर्क). कॉल लावला की उत्तरात त्यांचा कॉल आयडी येतो तो आम्ही टेबलात सेव्ह करतो आणि पुढे त्यांचे वेबहुक (कॉलचं काय झालं ते सांगायला त्यांच्याकडून आमच्या पत्त्यावर येणाऱ्या विनंत्या) येतात. कधीकधी वेबहुक येतो तेव्हा टेबलात तो आयडीच नसतो, आम्ही ४०४ देतो. शिवाय मागच्या आठवड्यात एका कॉलचं स्टेटस "कम्प्लिटेड" होऊन परत "रिंगिंग" झालं आणि तसंच राहिलं, डॅशबोर्डवर तो फोन चार दिवस वाजतोय. हसू नका. – पुण्याहून एक वाचक

उत्तर: चार दिवस वाजणारा फोन, हसले थोडीशी, सॉरी.

मूळ तेच आहे, फक्त इथे मधे डेटाबेस आणि तुमचे तीन-चार वर्कर आलेत. ओळ आधी घाला, तुमच्या स्वतःच्या आयडीने, "लावायचा आहे" अशा स्टेटसने, मग एपीआय मारा. बहुतेक प्रोव्हायडर वेबहुकचा पत्ता कॉलगणिक देऊ देतात, त्या पत्त्याच्या शेवटी तुमचा आयडी चिकटवा. मग त्यांचा आयडी तुम्हाला माहीत असो नसो, वेबहुक तुमचाच आयडी घेऊन येतो, आणि त्यांचा आयडी वेबहुकमधूनच उचलून ओळीत भरता येतो, उत्तराची वाट बघायचं कारणच नाही.

यात जँगोवाल्यांचा एक ठरलेला खड्डा आहे. ॲटॉमिक रिक्वेस्ट्स चालू असेल तर तुमचा अख्खा व्ह्यू एका ट्रान्झॅक्शनमधे चालतो. तुम्ही ओळ आधी घातलीत, मनाशी म्हणालात झालं काम, एपीआय मारली, पण कमिट (पक्की नोंद) होणार व्ह्यू संपल्यावर, तोवर वेबहुक घेणाऱ्या दुसऱ्या वर्करला ती ओळ दिसतच नाही. कोड वाचताना क्रम अगदी बरोबर दिसतो, म्हणून हा सापडायला दिवस जातो. एपीआयचा कॉल ऑन_कमिटमधे टाका किंवा सरळ क्यूमधल्या जॉबला द्या, पण तो जॉबसुद्धा कमिटनंतरच ढकला.

एखाद्या प्रोव्हायडरकडे पत्त्यात काही चिकटवायची सोयच नसेल तर मग अनोळखी वेबहुक फेकू नका. वेगळ्या टेबलात जसाच्या तसा ठेवा, २०० देऊन मोकळे व्हा, आणि एपीआयचं उत्तर येऊन आयडी कळला की त्या आयडीचे ठेवलेले वेबहुक काढून क्रमाने लावा. पाच-दहा मिनिटं कुणी वाली आला नाही तर अलर्ट. काही जण याऐवजी कुलूप लावतात, की एपीआयचं उत्तर येईपर्यंत कुठलाही इव्हेंट हाताळायचाच नाही. चालतं, पण एका मंद उत्तरापायी बाकी शंभर कॉलचे इव्हेंट तुंबतात, आणि इव्हेंटच्या हँडलरमधूनच एपीआय मारत असाल तर तो हँडलर कुलपाची वाट बघतो आणि कुलूप हँडलरची. कुलूप लावायचंच तर कॉलगणिक लावा.

वाजत राहिलेल्या फोनचं कारण वेगळं. वेबहुक निघतात क्रमाने पण प्रत्येक वेगळी एचटीटीपी विनंती असते, पोचतील त्या क्रमाने याची खात्री नाही. ट्विलिओ तर कॉलच्या स्टेटसबरोबर सीक्वेन्सनंबर पाठवतो, शून्यापासून, आणि क्रम बदलू शकतो हे स्वतःच सांगतो. तुमच्या प्रोव्हायडरकडे असा नंबर असेल तर ओळीत शेवटचा लावलेला नंबर ठेवा आणि त्याहून लहान आला तर नोंद करा पण स्टेटस हलवू नका. नसेल तर स्टेटसांनाच पायऱ्या द्या, लावला, वाजतोय, उचलला, संपला, आणि पायरी फक्त वर चढते, खाली नाही. एंगेज, उचलला नाही, फेल हे सगळे "संपला" च्याच पायरीवर. आणि ही तुलना पायथनमधे वाचून-ठरवून-लिहून करू नका, दोन वर्कर एकदम वाचतील, एसक्यूएल अपडेटच्या व्हेअरमधेच (अटीतच) घाला. वेळ लिहिताना वेबहुकमधली वेळ घ्या, तुमच्याकडे पोचल्याची नाही.

प्रश्न: आमच्याकडे फ्रीस्विच (ॲस्टरिस्कसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) आहे. बीजीएपीआयने (निकालाची वाट न बघता कमांड पाठवून) ओरिजिनेट करतो, लगेच जॉब-यूयूआयडी मिळतो, आणि नंतर बॅकग्राउंड_जॉब इव्हेंटमधे चॅनलचा यूयूआयडी येतो. पण चॅनल_आन्सर (उचलल्याचा इव्हेंट) नेहमी त्याच्या आधी येतो. हा बग आहे का?

उत्तर: नाही, आणि ही शर्यतसुद्धा नाही, हे तसंच ठरलेलं आहे. फ्रीस्विचचं ओरिजिनेट संपतं तेव्हा समोरच्याने उचललेलं असतं किंवा निदान अर्ली मीडिया (उचलण्याआधी ऐकू येणारा आवाज) तरी आलेला असतो, आणि बॅकग्राउंड_जॉब येतो ओरिजिनेट संपल्यावर. म्हणजे उचलल्याची किंवा अर्ली मीडियाची बातमी आधी आणि निकालपत्र नंतर. उलट इव्हेंट सॉकेटवर, ८०२१ वर, उत्तरं आणि इव्हेंट एकाच कनेक्शनवरून येतात म्हणून वरच्या नाशिकवाल्यांसारखा दोन वाटांचा घोळही नाही.

उपाय तोच, डब्यावर नाव. क्रिएट_यूयूआयडी म्हणून कमांड आहे तिने आयडी मागून घ्या किंवा तुमच्या भाषेत बनवा, आणि ओरिजिनेटच्या महिरपी कंसात ओरिजिनेशन_यूयूआयडी म्हणून द्या. जॉब-यूयूआयडीसुद्धा बीजीएपीआयबरोबर हेडर पाठवून आपला देता येतो हे पुष्कळांना माहीत नसतं. मग बॅकग्राउंड_जॉब वाचायचा तो फक्त रडगाण्यासाठी, उणे ईआरआर आणि पुढे कारण. आणि बीजीएपीआयऐवजी नुसतं एपीआय वापरायचा मोह झाला तर आवरा, तो फोन उचलेपर्यंत तुमचं कनेक्शन अडवून ठेवतो.

प्रश्न: मी टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, सध्या साताऱ्यात असतो. नातू या असल्या सॉफ्टवेअरमधे आहे, त्याच्या तोंडून "रेस कंडिशन" ऐकलं आणि आमच्या एक्स्चेंजमधला ग्लेअर आठवला. दोन एक्स्चेंजमधल्या ज्या ट्रंक दोन्हीकडून पकडता यायच्या त्यातली एकच ट्रंक दोघांनी एकाच क्षणी पकडायची आणि दोन्ही कॉल बोंबलायचे. हे तेच का?

उत्तर: काका, तेच नाही पण सख्खं चुलत भावंड आहे. नातवाच्या घोळात एकच घटना दोन वाटांनी कळते आणि त्यातली कुठली आधी येईल ते ठाऊक नसतं. तुमच्या ग्लेअरमधे दोन माणसं एकाच दाराने एकदम निघतात. दोन्हीचं मूळ हेच की बातमी पोचायला वेळ लागतो आणि त्या मधल्या वेळात समोरचा काय करतोय ते दिसत नाही.

तुमच्या लोकांनी त्यावर जे केलं ते मला फार आवडतं. एक एक्स्चेंज ट्रंकच्या गठ्ठ्यात पहिल्या नंबरापासून शोधत येणार आणि दुसरं शेवटच्यापासून, म्हणजे गाठ पडलीच तर गठ्ठा भरत आल्यावर मधे कुठेतरी. पुढे एसएस७ (एक्स्चेंजांनी आपसात बोलायची पद्धत) आलं तेव्हा सरळ वाटणीच केली, ज्या एक्स्चेंजचा पॉइंट कोड (त्या जाळ्यातला पत्ता) मोठा त्याचा सम नंबरांच्या सर्किटवर हक्क, लहान कोडवाल्याचा विषम नंबरांवर, आणि एकदम पकडलंच तर ज्याचा हक्क नाही त्याने गुपचूप मागे होऊन दुसरं सर्किट शोधायचं. त्या क्षणी कुणी कुणाला विचारत बसायचं नाही, भांडण व्हायच्या आधीच निकाल लागलेला.

हेच पुढे सिपमधे (इंटरनेटवरून फोन लावायच्या प्रोटोकॉलमधे) उतरलं. २००२ च्या आरएफसी ३२६१ मधे (सिपचे नियम सांगणारा दस्तऐवज) दोघांनी एकदम री-इन्व्हाइट (चालू कॉलमधे बदल मागणारा निरोप) पाठवला तर ४९१ हा नकार द्यायचा, आणि मग ज्याने मूळ कॉल-आयडी बनवला त्याने २.१ ते ४ सेकंदांमधला कुठलाही वेळ थांबायचं आणि दुसऱ्याने ० ते २ सेकंद, म्हणजे परत टक्कर होणार नाही. आणि बघा, तो कॉल-आयडी बनवतो कोण, तर फोन लावणारा, पहिलाच इन्व्हाइट नाव घालून निघतो. नातवाला हे दाखवा, तो ज्या एपीआयशी झगडतोय तिच्या खालच्या मजल्यावर हा प्रश्न कधीच सुटलेला आहे.

एक शर्यत मात्र कुणाला टाळता आलेली नाही आणि ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. मिस्ड कॉल द्यायला गेलो, एक रिंग झाली, आपण कट केलं आणि नेमकं त्याच क्षणी समोरच्याने उचललं. सिपमधे आपला कॅन्सल जात असतो आणि वाटेत त्याचा २०० ओके येत असतो, दोघे एकमेकांना ओलांडून जातात. उचललेला फोन कॅन्सल होत नाही, मग आपल्या फोनला आधी मुकाट्याने एसीके (पोच) देऊन "हो, लागला" म्हणावं लागतं आणि लगेच बाय पाठवून ठेवावा लागतो. असल्या ओलांडाओलांडीची उदाहरणं गोळा करून २००८ मधे आरएफसी ५४०७ म्हणून अख्खा दस्तऐवजच काढलाय, त्यात बाणांच्या आकृत्या आहेत, तुम्हाला वाचायला मजा येईल. नातवाकडून प्रिंट काढून घ्या.